बायांना न विचारलेला प्रश्न

मित्रांनो, जरा दमानं घ्या. मला टेकू द्या, मग बोलते. लाकडाला कसला आलाय दम, असं तुम्ही म्हणाल. पण वीस-पंचवीस वर्षं माणसांचे डोळे तोंडावर झेलले की लाकूडसुद्धा थकतं. जालन्याच्या एका मिशनच्या अडगळीत, फुटक्या बाजाच्या पेटीशेजारी पडलेली सैरबीन मी. निजामाचं राज्य परवा गेलं म्हणतात. गेलं असेल. माझ्या अंगावरची धूळ काही गेली नाही.

सैरबीन म्हणजे काय हे सांगायलाच हवं, कारण आता मला कुणी ओळखत नाही. एक लाकडी दांडा. त्याच्या एका टोकाला दोन भिंगं आणि डोळे टेकवायला मखमल लावलेली खोबण. दुसऱ्या टोकाला तारेचे चिमटे. चिमट्यांत पुठ्ठ्याचं चित्र अडकवायचं. पुठ्ठ्यावर एकाच जागेचे, किंचित वेगळ्या कोनांतून घेतलेले दोन फोटो शेजारी शेजारी चिकटवलेले असतात. भिंगांना डोळे लावले की दोन्ही एक होतात आणि चित्र सपाट राहत नाही. झाड पुढे येतं, डोंगर मागे सरतो, बघणाऱ्याला वाटतं हात घालावा. माझ्यात एका वेळी एकच माणूस पाहू शकतो. तो काय पाहतोय ते शेजारच्याला कळत नाही. एवढं ध्यानात असू द्या, कारण पुढचा सगळा घोळ त्यावरच झाला.

मी विलायतेत घडले आणि औरंगाबादच्या छावणीत एका गोऱ्या साहेबाच्या घरी राहिले. साहेब मायदेशी गेला, त्याचं सामान लिलावात निघालं, आणि मिशनच्या मडमेनं मला पेटीसकट उचललं. पेटीत पवित्र भूमीची छत्तीस चित्रं होती. यरुशलेमच्या वेशी, गालीलचं तळं, जैतुनाचा डोंगर. मडमेला फार आनंद झाला. खेड्यापाड्यांत प्रभूची गोष्ट सांगायला याहून बरं साधन कुठलं, असं ती ज्याला-त्याला सांगत सुटली. पेटीच्या तळाला, अस्तराखाली, मेणकागदात गुंडाळलेलं आणखी एक पुडकं होतं. तिनं अस्तर उचललंच नाही.

त्या पुडक्यात बारा चित्रं होती. बहुतेक बायांची होती, दोन-तीन गड्यांची होती, आणि कुणाच्याच अंगावर धड कपडा नव्हता. याहून जास्त मी सांगणार नाही, आणि तुम्हीही विचारू नका.

मला परतूरच्या पलीकडे आष्टीला पाठवलं. तिथे मिशनचं दोन खोल्यांचं घर होतं. त्यात उपदेशक पुंजाराम आणि त्याची बायको गोजरबाई राहत. दोन्ही पोरं जालन्याच्या बोर्डिंगात शिकत होती. पुंजाराम उंच, खणखणीत गळ्याचा माणूस. बाजाराच्या दिवशी तो मला घेऊन लिंबाखाली बसायचा. कापसाच्या गाड्या सोडून शेतकरी रांग लावायचे. 'आबा, घाई नगा करू, समद्यांना दिसंल,' असं म्हणत तो एकेकाच्या डोळ्यांना मला लावायचा आणि तोंडानं गोष्ट सांगायचा. बुधवारी माझी पाळी गोजरबाईकडे. ती बायकांत जायची. ज्या घरांत परक्या पुरुषाला उंबरा ओलांडता येत नाही, तिथे ती मला पदराखाली धरून न्यायची. मित्रांनो, ते दिवस माझे खरे कौतुकाचे. म्हाताऱ्या बाया माझ्यात बघून तळ्याच्या पाण्यात बोट बुडवायला जायच्या. सगळ्या हसायच्या, गोजरबाई सगळ्यांत जास्त.

दुसऱ्या वर्षी पेटीत वाळवी लागली का बघायला पुंजारामनं अस्तर उचललं. पुडकं सापडलं.

त्याचा हेतू वाईट नव्हता, हे मी छातीठोक सांगते. तो उठून चुलीपाशी गेला होता. चूल पेटलेली होती. मग म्हणाला, 'उद्या जाळतो.' मित्रांनो, हा 'उद्या' चार वर्षं टिकला.

गोजरबाई घरी नसली की दुपारी दाराला आतून आडणा पडायचा. मग तो आणि मी. नंतर तो पुडकं बांधून ठेवायचा, गुडघे टेकायचा, रडायचा, देवाला वचन द्यायचा. उपास करायचा. आठ दिवस बरे जायचे, कधी महिना जायचा, आणि पुन्हा आडणा. किती वेळा हे झालं ते मी सांगत बसत नाही. त्याचा कंटाळा त्यालाही आला होता आणि मलाही. पापात मजा असते म्हणतात. मला तरी त्याच्या तोंडावर मजा कधी दिसली नाही. दिसला तो शीण. एक मात्र झालं. बायकोशी त्याचं बोलणं आटत गेलं. समोर बसून जेवायचा, पण नजर वर करायचा नाही. गोजरबाईला वाटलं, आपलं काही चुकलं. नवी चोळी शिवून घेतली, त्यानं बघितली नाही. अंबाडीची भाजी त्याला आवडते तशी लसूण घालून केली, तो मुकाट्यानं जेवून उठला.

एका नाताळाच्या आधी घर सारवताना तिनं पेटी हलवली, अस्तर सैल लागलं आणि पुडकं हाताला आलं.

तिनं मेणकागद उलगडला. मग मला उचललं. नवरा काय बघतो ते बघायचं, एवढंच तिच्या मनात होतं. पहिल्या दिवशी तेवढंच होतं, हे खरं आहे. पुडकं होतं तसं ठेवून तिनं पुन्हा सारवायला घेतलं. पण चार दिवसांनी नवरा पाथरीच्या बाजूच्या खेड्यांत गेला आणि ती पुन्हा पेटीपाशी आली. या वेळी नवऱ्याचं नाव पुढे करता येईना. बाई अजून तिशीची होती. तिच्याकडे कुणी बघत नव्हतं, आणि तिलाही डोळे होते.

आता बघा कसं घर झालं ते. दोन खोल्या, दोन माणसं, एक पेटी. तो घरात एकटा असला की तो, ती एकटी असली की ती. दोघंही गुडघे टेकायची, पण वेगवेगळ्या दिवशी. त्याला निदान एवढं ठाऊक होतं की पुरुष असे घसरतात. पाळक, म्हणजे ख्रिस्ती मंडळीचे धर्मगुरू, दर दोन महिन्यांनी व्यासपीठावरून तसं सांगत. नजर सांभाळा रे गड्यांनो, शास्त्रात बाईकडे वाईट नजरेनं बघणाऱ्या पुरुषाचं काय सांगितलंय ते आठवा, म्हणत. गोजरबाई बायांच्या बाजूला बसून ते ऐकायची. बघणाऱ्या बाईचं कुठे काही नाव नव्हतं. तिला वाटायला लागलं, अशी बाई जगात आपण एकटीच. त्या वाटण्यानं ती वाळली. बुधवारी गोष्ट सांगायची, पण हसणं गेलं.

आणि मग तो बुधवार आला.

आष्टीत भंवरलाल शेठ म्हणून मारवाडी व्यापारी होते. त्यांची बायको चंदनबाई करारी, पण गोजरबाईवर तिचा जीव होता. सून राजकुमारी, दोन लेकरांची आई, कधी घराबाहेर न पडणारी. तिला माझी चित्रं म्हणजे गावाबाहेर जाणंच होतं. त्या दिवशी दुपारी गोजरबाई आडणा लावून बसली असताना दारावर थाप पडली. चंदनबाईची मोलकरीण सांगायला आली होती की शेठाणीबाईंना सांजच्याला कुठं जायचंय, आत्ताच या. गोजरबाईनं घाईघाईनं पुडकं अस्तराखाली सारलं. हातात उरलेलं एक चित्र कुठल्या गठ्ठ्यात गेलं, ते तिचं तिला कळलं नाही.

शेठांच्या माजघरात जाजमावर तिघी बसल्या. गोजरबाईला छत्तीस चित्रांचा क्रम तोंडपाठ होता. ती बघतही नसे. चित्र चिमट्यात सरकवायचं आणि सांगायला लागायचं.

'ही शोमरोनातली विहीर बघा,' ती राजकुमारीला म्हणाली. 'इथं उनाच्या कारात एक बाई पाणी भराया आल्ती. लोकं तिला नावं ठिवायची, म्हणून भर दुपारी यायची, कुणी नसताना. प्रभू तिच्याशी बोलला.'

राजकुमारीच्या डोळ्यांपुढे विहीर नव्हती.  ती ओरडली नाही. तिनं मला लगेच खाली ठेवलं नाही, हेही मी सांगून टाकते. गोजरबाई सांगत राहिली आणि ती बघत राहिली. मग तिनं स्वतःच्या हातानं चित्र काढून जाजमावर पालथं घातलं.

'बाई, हे तुमचं चित्र दुसरंच हाय,' ती हळू आवाजात म्हणाली.

चंदनबाईनं ते उचलून सुलटं केलं आणि पुन्हा पालथं घातलं. तिचा चेहरा दगड झाला.

'गोजरबाई, तुमी माझ्या घरात देवाचं नाव घेऊन आल्या,' ती म्हणाली. 'मी शेठांना न विचारता तुमाला आत घेतलं. आता उठा. परत यायचं नाही, बिलकुल नाही.'

संध्याकाळपर्यंत शेठांची चिठ्ठी परतूरच्या गाडीनं जालन्याला गेली. भाषा नम्र होती. उपदेशकाच्या पेटीत अशी वस्तू निघावी याचं आश्चर्य वाटलं, एवढंच लिहिलं होतं. उपदेशकाच्या, बरं का. उपदेशकाच्या बायकोचं नाव कुणाच्या मनातही आलं नाही.

पुंजारामच्या तर नाहीच. तो घरी आला तेव्हा गोजरबाई भाकरीचं पीठ मळत होती. त्यानं सगळं ऐकलं आणि भिंतीला टेकून खाली बसला.

'मीच घातलं असंल चुकून,' तो म्हणाला. 'चार वर्सं झाली, गोजरे. म्या तुला सांगितलं न्हाई. मी लई वंगाळ माणूस हाय. तुझं त्वांड मी चारचौघींत काळं केलं.'

तिचे हात पिठात थांबले. सांगायची वेळ तीच होती. नवरा चार वर्षांनी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघून बोलत होता, आणि तिला वाटलं, खरं सांगितलं तर ही नजर पुन्हा जाईल.

'जेवून घ्या,' ती म्हणाली.

तिसऱ्या दिवशी मंडळीचे वडील कचरू जालन्याहून आले. मंडळीत कारभार बघायला जी वयस्क माणसं निवडतात त्यांना वडील म्हणतात. कचरूआबा फेटेवाले, भरदार मिशांचे, नियमाला कडक. त्यांनी पेटी, पुडकं आणि मला जप्त केलं आणि चौकशीपर्यंत जपून ठेवायला स्वतःच्या घरी नेलं. आठ दिवस मी तिथे होते. ते कसे गेले ते लवकरच कळेल.

प्रभुभोजन म्हणजे भाकर आणि द्राक्षरस वाटून घ्यायचा विधी. जालन्याच्या त्या मंडळीत तो वर्षातून तीनदा होई, आणि त्याच्या आदल्या शनिवारी सगळ्यांची विचारपूस होई. पाळक आणि वडील एका खोलीत बसत. गावोगावचे लोक एकेक आत जात. पुरुषांना पाच प्रश्न असत: शिंदी प्यालास का, तमाशाला गेलास का, कुणाला फसवलंस का, बायकोवर हात उचललास का, नजर स्वच्छ ठेवलीस का. बायांना तीन. घरात भांडण झालं का, लेकराच्या गळ्यात गंडा-दोरा बांधला का, पिंपळगावच्या रेणुकाईला नवस बोललीस का. बस. बायांना नजरेचं विचारत नसत. जुन्या पाळकांनी प्रश्न ठरवून दिले होते आणि तेच चालत आले होते.

पाळक धर्मराज तेव्हा साठीला आलेले, पाय सुजलेले, सकाळपासून त्याच त्या कबुल्या ऐकून वैतागलेले. मी आणि पेटी त्यांच्यासमोर टेबलावर. पुंजाराम आत आला आणि काही न लपवता बोलला. चार वर्षं, दुपारच्या वेळा, मोडलेली वचनं, सगळं.

'पुंजाराम,' पाळक म्हणाले, 'तू पहिला नाहीस आणि शेवटचा नाहीस. पण तू लोकांना देवाची वाट दाखवायला निघाला होतास.'

निकाल कचरूआबांनी वाचला. सहा महिने प्रभुभोजन बंद. उपदेशाचं काम बंद, जालन्याच्या मिशनच्या दवाखान्यात पाणी भरायचं. आणि तोवर देवळात, म्हणजे मंडळीच्या प्रार्थनाघरात, दंडाच्या बाकड्यावर बसायचं. हे बाकडं पुरुषांच्या बाजूला, अगदी मागे, भिंतीला लागून होतं. देवळात पुरुष उजवीकडे, बाया डावीकडे, मधे काथ्याची लांब चटई. बायांच्या बाजूला दंडाचं बाकडं नव्हतंच. कधी लागलं नव्हतं.

पुंजाराम मान खाली घालून बाहेर पडला आणि दारात गोजरबाई त्याच्या जवळून आत आली. तिची पाळी होती.

'घरात भांडण?'

'न्हाई.'

'गंडा-दोरा?'

'न्हाई.'

'रेणुकाईला नवस?'

'न्हाई.'

'ठीक आहे,' पाळक म्हणाले. 'तुझ्यावर वाईट प्रसंग आला, बाई. तू धीर धर. उद्या भोजनाला ये.'

गोजरबाई उठली नाही. पदराचं टोक बोटांना गुंडाळत बसून राहिली. बाहेर ओट्यावर बाया बोलत होत्या त्याचा आवाज येत होता.

'पाळकसाहेब, एक प्रश्न ऱ्हायला,' ती म्हणाली.

'कोणता?'

'शेवटचा. जो गड्यांना इचारता.'

पाळकांनी चष्मा काढला. 'तो बायांना नसतो.'

'म्हणून तर मी बसून राह्यले. माझी नजर स्वच्छ न्हाई. ते चित्र ह्यांनी न्हाई घातलं त्या गठ्ठ्यात. त्या दुपारी ती चित्रं मी बघून राह्यले होते. घाईत माझ्याच हातून गेलं. नाताळापासून चाललंय माझं. पहिल्यांदा ह्यांचं काय चाललंय म्हणून बघितलं. मंग माझ्यासाठी बघितलं.'

 मग कचरूआबा खाकरले.

'नवऱ्याला वाचवाया बोलून राह्यली ती,' ते पाळकांना म्हणाले. 'बाईमाणसाचं मन तसं नसतंय. तिला त्यात काय गोडी? हे लिहून घ्यायचं कामच न्हाई. जा बाई, घरी जा.'

'खोटं बोलून मला काय भेटणार, आबा?'

'नवरा भेटंल. त्याचं काम ऱ्हाईल.'

गोजरबाईनं टेबलावरच्या पुडक्याकडे बोट केलं. ते बांधलेलंच होतं.

'ते सोडू नका,' ती म्हणाली. 'मी सांगते. त्यात एक बाई हाय, खुर्चीवर बसलेली, केस मोकळे सोडलेली. तिच्या डाव्या दंडावर...'

'उजव्या,' कचरूआबा म्हणाले.

मित्रांनो, मी लाकडाची आहे म्हणून बरं.  पाळकांनी सावकाश मान वळवून कचरूआबांकडे बघितलं. आबांच्या मिशा तशाच होत्या, पण त्यांच्यामागचा माणूस गेला होता. आठ दिवस माझ्यावर कुणाचे डोळे टेकत होते, ते मला आता सांगायची गरज उरली नाही. त्यांनी फेटा काढून मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत बसले.

गोजरबाईनं त्यांना पेचात पकडलं नाही. पकडता आलं असतं. ती एवढंच म्हणाली, 'हां, उजव्याच असंल. सैरबिनीत मला डावं-उजवं ध्यानात ऱ्हात न्हाई.'

'काय आहे तिच्या दंडावर?' पाळकांनी विचारलं.

'देवी टोचल्याच्या खुणा. लग्नाआधी मी तुमच्या दवाखान्यात लेकरं धरायला होते, पाळकसाहेब. लस टोचताना लेकरू रडतं, झटे घेतं. त्याला मांडीवर घट्ट धरावं लागतं, मंग छातीशी घेऊन थोपटावं लागतं. ते चित्र शेठांकडं पालथं पडलं, त्या रात्री मला झोप आली न्हाई. तवा त्या खुणा आठवल्या. तिला बी कुणीतरी असंच मांडीवर धरलं असंल, ही वाचावी म्हणून. तिला बी देवानंच घडवलं, त्याच्याच रूपात. आन् मी चार महिने तिला बघितलं, पण तिचं तोंड कसं हाय, मला सांगता येत न्हाई.'

 पाळक धर्मराजांनी सुजलेले पाय समोरच्या स्टुलावर ठेवले. ते फार थकलेले दिसत होते.

'सतरा वर्षं मी हा प्रश्न गड्यांना विचारतोय,' ते म्हणाले. 'बायांना का विचारला नाही, हे मी स्वतःला विचारलं नाही.'

'तुमी आमाला चांगलं समजलात,' गोजरबाई म्हणाली. 'त्याचा राग न्हाई. पण त्या चांगुलपणात आमी एकट्या पडतो. गडी घसरला तर त्याला उठवाया चार जण येतात. बाई घसरली तर ती घसरलीच न्हाई म्हणतात. मंग तिनं उठावं कसं?'

  'तू काय मागतेस?' पाळकांनी विचारलं.

'ह्यांना दिली तेवढीच शिक्षा. कमी न्हाई, जास्त न्हाई.'

पुडकं त्याच संध्याकाळी दवाखान्याच्या चुलीत गेलं. कचरूआबांनी स्वतः घातलं आणि पुठ्ठे जळून जाईपर्यंत तिथेच उकिडवे बसले. मला मडमेची वस्तू म्हणून ठेवलं. मलाही घातलं असतं तर मी तक्रार केली नसती.

रविवारी मीही देवळात होते. पाळकांनी पेटी देवळात आणून ठेवली होती, मडमेला परत द्यायला. म्हणून मी ते पाहिलं. पुंजाराम आधी येऊन मागच्या बाकड्यावर बसला होता. त्याला शनिवारचं काही कळलं नव्हतं. खोलीतलं बाहेर सांगायचं नाही, असा नियम होता, आणि गोजरबाई रात्री बायांच्या खोलीत निजली होती. मंडळी भरली, गीत सुरू झालं. गोजरबाई डावीकडच्या दारानं आत आली. बायांनी सरकून जागा केली. ती बसली नाही. ती बायांच्या सगळ्या रांगा ओलांडून मागे गेली, काथ्याची चटई ओलांडली, आणि पुरुषांच्या बाजूला, दंडाच्या बाकड्यावर, नवऱ्याशेजारी बसली.

त्या देवळात नवरा-बायको एका बाकड्यावर कधीच बसलेले नव्हते. गीत मधेच विरलं. पुंजाराम घाबरला.

'अगं, इथं कशाला आलीस?' तो कुजबुजला. 'ही दंडाची जागा हाय.'

'ठाऊक हाय,' ती म्हणाली. 'तुमची एकट्याची न्हाई ती. ते चित्र मी घातलं होतं.'

त्याला कळायला वेळ लागला. आधी त्याचं तोंड रागानं लाल झालं, मग पांढरं पडलं. तो थोडा बाजूला सरकला. ती सरकली नाही. भाकरीचं ताट पुढच्या रांगांतून फिरत फिरत आलं, त्यांच्यापर्यंत न येता वळलं. समोर कचरूआबांनी ताट हातात घेतलं आणि काही न घेता पुढे दिलं, हेही लोकांनी बघितलं. ताट वळून गेलं तेव्हा पुंजाराम सरकला होता तेवढा परत जवळ आला. दोघंही रडत नव्हती. दोघंही फार दमलेली दिसत होती.

सहा महिने त्यांनी दवाखान्यात पाणी भरलं, तो विहिरीवर, ती आत. चंदनबाईचं दार पुन्हा उघडलं नाही. पुढे कधी आष्टीला गेली की गोजरबाई तिच्या घरावरून मान खाली घालून जायची. पाळकांनी पुढच्या विचारपुशीच्या शनिवारपासून बायांनाही गड्यांचा तो पाचवा प्रश्न विचारायला सुरुवात केली, पण तो पाळकांची बायको विचारायची, वेगळ्या खोलीत. पहिल्या वेळी तीन बाया त्या खोलीतून डोळे पुसत बाहेर आल्या. नावं मला ठाऊक नाहीत आणि असती तरी सांगितली नसती.

पुडकं जळलं म्हणून मन जळत नाही, मित्रांनो. मडमेनं मला दवाखान्याच्या कपाटात टाकलं होतं, तिथून मला ऐकू यायचं. कधी दुपारी पुंजाराम बादली खाली ठेवून म्हणायचा, 'आज मन लई वढून राह्यलंय, गोजरे.' ती म्हणायची, 'मंग बसा हितं. शेंगा फोडू लागा.' तो फोडू लागायचा. कधी तेच वाक्य ती बोलायची आणि सूप तो पुढे ओढायचा. पहिल्यांदा तिनं ते म्हटलं तेव्हा तो हसला होता, आणि मग लाजला होता. एवढाच त्यांचा उपाय होता. मोठा नव्हता, पण रोज करता यायचा.

मला नंतर कुणी डोळ्यांना लावलं नाही. जुन्या वस्तूला जपा, पुसा, तेलपाणी करा, असं सांगायची माझ्या जातीची रीत आहे. माझ्याच्यानं ते होत नाही. माझी भिंगं फुटली तरी जगाचं काही अडणार नाही. माझ्यासारख्या वस्तू पुढेही निघतील, माझ्याहून हलक्या, माझ्याहून सोप्या, आणि त्यांच्यातही एका वेळी एकच माणूस बघेल. बघू नका असं सांगितलं की माणसं ऐकतात, इतकी मी भोळी नाही. जपायचं असेल तर घरातल्या माणसाला जपा. जे एकट्यानं बघितलंत ते त्याला एकदा सांगा. ते रागावेल, रडेल, एक दिवस जेवणार नाही. तरी सांगा. आणि कुणी तुम्हाला सांगायला आलं, तर ते गडी आहे की बाई हे बघू नका, आधी त्याला बसायला जागा द्या. कारण खूप वेळ गप्प राहून झाल्यावर समोरचं माणूस काय म्हणेल ते आधी कुणालाच ठाऊक नसतं. ते म्हणेल, 'जा.' किंवा ते म्हणेल, 'मी बी.'